मनापासून द्यायचं तर आधी ठरवा

दिवाळी झाली की खानदेशातल्या मंडळ्यांमध्ये देण्याघेण्याचा विषय आपोआप निघतो. कापूस घरात आलेला असतो किंवा जिनिंगवर गेलेला असतो. नाताळाची वर्गणी काढायची असते, चर्चच्या छपराचे पत्रे बदलायचे असतात, आणि उपकारस्तुतीच्या उपासनेची तारीख ठरत असते. अशा वेळी व्यासपीठावरून बहुधा दोनच वचनं ऐकू येतात. एक मलाखीचं, दशांश भांडारात आणा म्हणणारं. दुसरं त्या गरीब विधवेचं, जिने मंदिराच्या भांडारात दोन टोल्या टाकल्या. दोन्ही खरी आहेत. पण वर्षानुवर्षं तीच ऐकून एखाद्याच्या मनात भीती बसते आणि एखाद्याच्या मनात लाज. भीतीपोटी किंवा लाजेपोटी दिलेले पैसे ताटलीत पडतात, पण देणारा घरी गेल्यावर दोन दिवस चुटपुटत राहतो.

देण्याविषयी बायबलमध्ये सगळ्यात तपशीलवार काही लिहिलं असेल तर ते करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या आठव्या आणि नवव्या अध्यायात. आपण त्यातलं संतोषाने देणाऱ्याबद्दलचं एक वाक्य पाठ करतो आणि बाकीचं सोडून देतो. खरं तर हे दोन अध्याय म्हणजे एका प्रत्यक्ष मदतनिधीचा पत्रव्यवहार आहे. यरुशलेमेतल्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठी पौल निधी जमवत होता. करिंथच्या मंडळीने वर्षभर आधी उत्साहाने होकार दिला होता आणि मग काम रेंगाळलं होतं. उलट मासेदोनियातल्या मंडळ्या स्वतः हलाखीत असूनही आम्हालाही यात वाटा घेऊ द्या म्हणून मागे लागल्या होत्या. पौल करिंथकरांना रागावत नाही, शाप दाखवत नाही. तो सांगतो की प्रत्येकाने आपल्या मनात ठरवलं असेल तेवढं द्यावं. नसलेल्यातून देऊ नये, असलेल्यातून द्यावं. आणि एकाला आराम, दुसऱ्याला ओढाताण असं न होता बरोबरी साधावी.

यातलं ‘आधी ठरवणं’ मला सगळ्यात मोलाचं वाटतं. मनापासून देणं म्हणजे गाणं ऐकून डोळ्यांत पाणी आलं आणि खिशात हात गेला, असं आपल्याकडे समजतात. तसं दिलेलंही वाया जात नाही. पण जे घरी बसून, हिशेब करून, प्रार्थना करून ठरवलेलं असतं, त्यात माणसाचं सगळं मन असतं. पुढचा सगळा लेख हे ठरवायचं कसं, याबद्दल आहे.

आधी थोडं मागे पाहू, कारण आपल्या देण्याच्या सवयी आपल्या इतिहासातून आल्या आहेत. 1906 साली जुन्या खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले; तेच पुढे जळगाव आणि धुळे जिल्हे झाले, आणि 1998 मध्ये धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. पूर्वेकडे भुसावळ, जळगाव, चाळीसगाव या भागात अलायन्स मिशनने काम केलं. पश्चिमेकडे धुळे, नवापूर, चिंचपाडा या बाजूला स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन आलं. फ्रेडरिक फ्रान्सन यांनी 1890 मध्ये अमेरिकेत ते स्थापन केलं होतं आणि 1949 पासून ते ‘टीम’ या नावाने ओळखलं जाऊ लागलं. हे मिशन उभं राहिलं ते स्वीडन-नॉर्वेकडून अमेरिकेत गेलेल्या स्थलांतरितांच्या मंडळ्यांवर. शेतमजुरी करणारी, दुसऱ्यांच्या घरी कामाला असणारी, नव्या देशात जेमतेम बस्तान बसवलेली अशी माणसं त्या मंडळ्यांमध्ये मोठ्या संख्येने होती. 1899-1900 चा भयंकर दुष्काळ पडला, तेव्हा अमेरिकेतल्या ‘ख्रिश्चन हेरल्ड’ या साप्ताहिकाच्या वाचकांच्या मदतीतून क्विटो नावाच्या जहाजाने हजारो टन मका मुंबईला आला आणि मिशनऱ्यांमार्फत दुष्काळी भागात वाटला गेला. तो पाठवणाऱ्यांपैकी किती जणांना मुंबई इलाखा नकाशावर दाखवता आला असता?

चिंचपाड्याचं ख्रिश्चन हॉस्पिटल 1942 साली सुरू झालं. आज ते इमॅन्युएल हॉस्पिटल असोसिएशनचा भाग आहे आणि सुरत-भुसावळ रेल्वेमार्गाच्या कडेला, आदिवासी पट्ट्यात अजूनही रुग्णसेवा करतं आहे. आपल्या कित्येकांच्या आजी-पणजीची बाळंतपणं मिशनच्या दवाखान्यांत झाली, आजोबा-पणजोबा मिशनच्या शाळांत शिकले. याबद्दल कृतज्ञ असायलाच हवं. पण याच इतिहासाने एक वाईट सवयही लावली. पैसा ‘साहेबाकडून’ येतो, इमारत मिशनची असते, पाळकाचा पगार वरून येतो, आपण फक्त उपासनेला यायचं. साहेब लोक परत गेले त्याला आता खूप वर्षं झाली. परदेशी निधी घ्यायचा तर सरकारी नोंदणी लागते, त्याचे नियम कडक आहेत, आणि ते योग्यही आहे. गावातल्या मंडळीची जबाबदारी आता गावातल्या मंडळीवर आहे. ज्यांना हे ओझं वाटतं त्यांनी मासेदोनियाकडे पाहावं. तिथल्या लोकांनी देण्याची संधी मागून घेतली होती.

आता पैशांचं बोलू. दशांशाचा उपदेश ऐकताना पगारदार माणसाला महिन्याची रक्कम डोळ्यांसमोर येते. पण आपल्याकडे पगारदार किती? रावेर-यावलच्या केळीवाल्याकडे टिश्यूकल्चरची रोपं असली तरी पहिला पैसा हातात यायला जवळपास वर्ष जातं, आणि मे-जूनच्या वादळात बाग आडवी झाली तर तोही येत नाही. कापूसवाल्याचा पैसा दोन-तीन वेचण्यांत येतो. वेचणीला जाणाऱ्या बाईला किलोप्रमाणे मजुरी मिळते, ती काम असेल तेवढेच दिवस. चाळीसगाव भागातून आणि नंदुरबारकडून ऊसतोडीला जाणारी कुटुंबं दिवाळीच्या सुमारास जातात ती उन्हाळ्यात परततात, आणि त्यांच्या हातात येते ती मुकादमाची उचल.

या प्रत्येकाने वेगळ्या पद्धतीने ठरवायला हवं. शेतकऱ्याने दर रविवारचं मोजमाप सोडून द्यावं आणि पट्टी हातात येईल त्या दिवसाचा नेम करावा. रोपं, ठिबक, खत, फवारणी, मजुरी आणि पीककर्जाचा हप्ता वजा जाता जे उरेल, त्यातला किती भाग देवाचा, हे लागवडीच्या वेळीच घरात बोलून ठरवावं. पट्टीच्या दिवशी ती रक्कम आधी बाजूला काढावी. मग लग्न, मोटारसायकल, घराचं प्लास्टर. दशांश एकूण रकमेवर की नफ्यावर, यावर काही ठिकाणी वर्षानुवर्षं वाद चालतो. माझं मत विचाराल तर शेतीत खर्च वजा करूनच हिशेब धरावा, कारण खर्चाचा पैसा आपला नसतो, तो दुकानदाराचा आणि बँकेचा असतो. मात्र खर्चात काय काय धरायचं, हे ठरवताना देवासमोर प्रामाणिक राहावं.

पगारदारांचं सोपं आहे. पगार जमा होतो त्याच दिवशी वेगळं काढायचं. भुसावळच्या रेल्वे वसाहतीतल्या, जळगाव-धुळ्यातल्या शाळांमधल्या, दवाखान्यांमधल्या नोकरदारांना यापेक्षा जास्त मार्गदर्शनाची गरज नाही. पौलाने करिंथकरांस पहिल्या पत्रात सांगितलेला आठवड्याच्या पहिल्या दिवशी आपापल्या मिळकतीप्रमाणे बाजूला ठेवण्याचा नियम त्यांना सहज पाळता येतो.

उचलीचं मात्र स्पष्ट सांगतो. उचल ही कमाई नव्हे. ते कर्ज आहे आणि ते कोयत्याने फेडायचं आहे. उचलीतून दशांश मागणाऱ्या मंडळीने त्या कुटुंबाला एक प्रकारे आणखी कर्जात ढकललेलं असतं. सावकाराकडून घेतलेल्या पैशाचंही तेच. व्याजाने पैसे काढून चर्चला मोठी देणगी देणारा माणूस श्रद्धावान असेल, पण त्याला थांबवणं हे पाळकाचं काम आहे. असलेल्यातून द्या, नसलेल्यातून नको, हा पौलाचा नियम इथे अक्षरशः लागू पडतो.

विधवेच्या दोन टोल्यांबद्दलही इथेच बोलायला हवं. मार्काच्या बाराव्या अध्यायात ती गोष्ट वाचताना दोन वचनं आधीपासून वाचा. प्रभू तिथे विधवांची घरं गिळणाऱ्या आणि दिखाव्यासाठी लांबलचक प्रार्थना करणाऱ्या शास्त्र्यांचा धिक्कार करतो, आणि लगेच पुढे ही विधवा येते. तिचं कौतुक करताना तिच्यावर ही वेळ कुणी आणली, याचा विसर पडू नये म्हणूनच दोन्ही गोष्टी शेजारी लिहिलेल्या असाव्यात, असं मला वाटतं. तेव्हा ही गोष्ट सांगून एखाद्या निराधार बाईकडून तिच्या पेन्शनीचे पैसे मागणं थांबलं पाहिजे. ती स्वतःहून देत असेल तर तिचा हात अडवू नका. पण तिच्या घरी किराणा आहे की नाही, हे त्याच आठवड्यात जाऊन पाहा.

पैसे नसणाऱ्या घरांनीही देता येईल अशी एक पद्धत मिझोरामच्या प्रेस्बिटेरियन मंडळ्यांनी दाखवून दिली आहे. तिथे 1910 पासून बायका स्वयंपाकाला तांदूळ घेताना एक मूठ वेगळी काढतात. मंडळी तो तांदूळ गोळा करते आणि त्यातून सेवाकार्य चालतं. शंभरापेक्षा जास्त वर्षं ही मूठ चालू आहे. आपल्याकडे तांदळाऐवजी दादर घ्या किंवा बाजरी घ्या. चुलीजवळ एक झाकणाचा डबा ठेवायचा आणि पिठासाठी धान्य काढताना त्यातली एक मूठ त्या डब्यात टाकायची. मूठ पन्नास ग्रॅमची धरली आणि दिवसातून दोनदा टाकली तर महिन्याला तीन किलो होतात. पन्नास घरांच्या मंडळीत महिन्याला दीड क्विंटल! एवढ्या धान्यात मंडळीतली आणि मंडळीबाहेरचीही दोन-चार निराधार घरं सहज जगतात. या पद्धतीत मला आवडते ती गोष्ट म्हणजे देण्याचा निर्णय घरातल्या बाईच्या हातात राहतो आणि तो रोज नव्याने घेतला जातो.

बाईच्या हातावरून आठवलं. मराठी ख्रिस्ती माणसाला उदारपणाचा विषय निघाल्यावर रेव्हरंड टिळक आठवणारच. 1895 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, 1917 मध्ये मिशनचा पगार सोडला, आणि हातात आलेलं वाटून टाकण्याची त्यांची वृत्ती अखेरपर्यंत तशीच राहिली. पण त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं ‘स्मृतिचित्रे’ नीट वाचणाऱ्याला दुसरी बाजूही दिसते. टिळक कुणालाही घरी आणत, आणि त्या माणसाच्या पानात काय वाढायचं ही काळजी लक्ष्मीबाईंना असे. लक्ष्मीबाईंचं मन मोठं होतं म्हणून ते निभावलं. प्रत्येक घरात तसं निभावत नाही. नवऱ्याने चर्चमध्ये उभं राहून मोठी रक्कम जाहीर करायची आणि बायकोने महिनाभर तेल मोजून वापरायचं, याला मनापासून दिलेलं दान म्हणता येत नाही, कारण त्यात एकाचंच मन होतं. देण्याचा आकडा नवरा-बायकोने मिळून ठरवावा. मुलं कळती असतील तर त्यांनाही बोलवावं. मूल स्वतःच्या पैशातून दहा रुपये बाजूला काढतं तेव्हा ते जे शिकतं, ते रविवारच्या शाळेत वर्षभरात शिकवता येत नाही.

घरातल्या म्हाताऱ्यांचंही त्यात यायला हवं. आईबापांना द्यायचं ते ‘कुर्बान’ म्हणजे देवाला वाहिलं असं सांगून जबाबदारी झटकणाऱ्यांना प्रभूने कडक शब्दांत सुनावलं होतं. वडिलांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढे ढकलून चर्चला पंखा भेट देऊ नका. पंख्यावर नाव घातलं जातं हे खरं, पण वडिलांना दिसायला लागणं जास्त गरजेचं आहे.

देण्याआधी देणं फेडावं, हेही ओघाने आलंच. जक्कयाच्या गोष्टीत आपल्याला अर्धी मालमत्ता गरिबांना दिल्याचं लक्षात राहतं. त्याच वाक्यात तो ज्यांना लुबाडलं त्यांना चौपट परत करतो, ते आपण विसरतो. आपल्या शेतावर सालदार असेल तर अखाजीला त्याचं वर्ष पूर्ण होतं. त्याचा हिशेब त्या दिवशी चुकता झाला पाहिजे, पुढच्या सालात ओढता कामा नये. वेचणीच्या बायांची मजुरी आठवडी बाजाराच्या आधी द्यावी, म्हणजे त्यांना बाजार करता येतो. मजुराची मजुरी सूर्य मावळण्याआधी द्या, असं अनुवादाच्या पुस्तकात सांगितलं आहे. मजुरी थकवून चर्चला दिलेली देणगी देव स्वीकारतो, असं मला बायबलमध्ये कुठे सापडलेलं नाही. मंडळीच्या पाळकाचं मानधनही याच खात्यात मोडतं. ते त्याच्या कामाचं देणं आहे, त्याला दानाचं नाव देऊ नये आणि ते देताना उपकाराचा सूर लावू नये. पाळक चार-चार गावं मोटारसायकलने करत असेल तर पेट्रोलचा खर्च वेगळा धरावा.

शेतीमाणसाला देण्याच्या दोन रीती बायबल वाचण्याआधीपासून माहीत आहेत. नवं पीक आलं की शेजारीपाजारी, नातेवाइकांत वानोळा जातो. आणि काढणी झाल्यावर शेतात राहिलेला सरवा वेचायला गरीब बाया येतात. मवाबी रूथ बवाजाच्या शेतात अशीच सरवा वेचत होती, आणि बवाजाने आपल्या गड्यांना पेंढ्यांमधून मुद्दाम काही कणसं पडू द्यायला सांगितलं होतं. तिला कुणी धमकावू नये, अशी ताकीदही दिली होती. आता यंत्राने काढणी होते, शेताला कुंपण पडलं, आणि सरवा वेचायला आलेल्या बाईला चोर समजलं जातं. ख्रिस्ती शेतकऱ्याने निदान आपल्या शेतात हे होऊ देऊ नये. भुईमूग उपटून झाल्यावर, कापसाची शेवटची वेचणी झाल्यावर आठ-पंधरा दिवस शेत मोकळं ठेवावं आणि तसं वाडीवस्तीवर सांगून ठेवावं. वानोळ्याचंही असंच. तो बहुधा जावयाकडे, साहेबाकडे, ओळखीच्या डॉक्टरकडे जातो. एक टोपली अशा घरी जाऊ द्या जिथून परत काही येण्याची शक्यता नाही.

उपकारस्तुतीच्या उपासनेचं चित्र सगळ्यांच्या ओळखीचं आहे. वेदीसमोर केळीचे घड, गंगाफळं, दादरची कणसं, भरताची हिरवी वांगी, लसणाच्या जुड्या, पाय बांधलेली एखादी कोंबडी. उपासना संपली की लिलाव. लिलाव करणारा बोलघेवडा असला तर दोन तास हसण्याबोलण्यात जातात आणि मंडळीला चांगली रक्कम मिळते. मला लिलाव आवडतो. पण त्यात एक गोष्ट खटकते. ज्यांची ऐपत आहे त्यांच्यात चढाओढ लागते, एका लिंबाला हजाराची बोली होते, टाळ्या पडतात, आणि मागच्या बाकावरच्या बाईने पदराखालून आणलेली मिरच्यांची पुडी शेवटी कुणीतरी बळेच उचलतं. त्या बाईने आणलेलं लहान आहे, हे सगळ्या मंडळीसमोर जाहीर होतं. यावर साधा उपाय आहे. लहान लहान वस्तू एकत्र करून टोपल्या लावा आणि टोपलीचा लिलाव करा. कुणाचं काय हे कुणाला कळत नाही. आणि मालापैकी काही भाग लिलावात न घालता त्याच संध्याकाळी गरजू घरांत पोहोचवा. उपकारस्तुतीच्या दिवशी मंडळीतल्या एकाही घरात चूल थंड राहता कामा नये.

रोख पैसा आणि धान्य सोडूनही खानदेशात देण्यासारखं खूप आहे. जळगावच्या आणि धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत सातपुड्याच्या पट्ट्यातून, नंदुरबारकडून पेशंट येतात. पेशंटची सोय वॉर्डात होते. त्याच्याबरोबर आलेली बाई मात्र वऱ्हांड्यात गोधडी टाकून पडते, तिला कागद कुठे द्यायचा ते कळत नाही, औषधाची चिठ्ठी वाचता येत नाही, आणि कित्येकदा डॉक्टरची मराठीही तिला धड समजत नाही. अहिराणी, भिली, पावरी किंवा मावची बोलणारा एक माणूस दिवसाकाठी दोन तास तिथे उभा राहिला तर त्याने केलेल्या मदतीची किंमत कुठल्याही देणगीपेक्षा कमी नाही. शहरातल्या मंडळ्यांमधल्या निवृत्त शिक्षकांनी, परिचारिकांनी, रेल्वेतून निवृत्त झालेल्यांनी याचा विचार करावा. तुमच्याकडे वेळ आहे, भाषा आहे, आणि सरकारी कचेरीत घाबरून न जाण्याची सवय आहे.

आणि रक्त. या भागातल्या आदिवासी समाजात सिकलसेलचा आजार आढळतो; त्यातल्या काही रुग्णांना रक्त चढवावं लागतं. बाळंतपणात, अपघातात तर ते लागतंच. वय 18 ते 65 च्या दरम्यान, वजन 45 किलोपेक्षा जास्त आणि हिमोग्लोबिन निदान 12.5 असेल तर निरोगी माणसाला रक्त देता येतं. पुरुषांना तीन महिन्यांनी, स्त्रियांना चार महिन्यांनी पुन्हा देता येतं. उन्हाळ्यात रक्तपेढ्यांना नेहमी चणचण भासते. मग शुभ शुक्रवार किंवा पुनरुत्थानाच्या सणाच्या आसपास मंडळीने रक्तदान शिबिर घ्यावं, यापेक्षा समर्पक काय असेल? त्या दिवशी आपण दुसऱ्यासाठी सांडलेल्या रक्ताबद्दलच तर गात असतो. रक्त कुणाला जाणार हे देणाऱ्याला कळत नाही, जात-धर्म तर नाहीच नाही, आणि डाव्या हाताला कळू न देता देण्याची ताकीद इतकी पूर्णपणे दुसऱ्या कशात क्वचितच पाळली जाते.

त्याच ताकिदीवरून आणखी थोडं. मदत देताना फोटो काढण्याची प्रथा आपल्या मंडळ्यांनी बंद करावी. ब्लँकेट वाटपाच्या फोटोत मध्ये बॅनर, बाजूला सहा कार्यकर्ते आणि कोपऱ्यात खाली मान घातलेली एक म्हातारी, हे चित्र पाहून देवाचा गौरव होत नाही. हिशेबासाठी पावती पुरते. आणि मदतीला कसलीही अट लावू नका. उपासनेला याल तर धान्य, प्रार्थनेला याल तर औषध, असं कुणी सुचवलं तर तिथेच थांबवा. प्रभूने दहा कुष्ठरोग्यांना बरं केलं. आभार मानायला एकच परत आला, तोही शोमरोनी, पण बाकीच्या नऊ जणांचं बरं होणं त्याने काढून घेतलं नाही.

हिशेबाचा विषय मी मुद्दाम शेवटाकडे ठेवला, कारण बहुतेक मंडळ्यांमधलं देणं इथेच आटतं. लोक कंजूष असतात असं मला वाटत नाही. दिलेल्याचं काय झालं हे कळत नाही, म्हणून ते हात आखडता घेतात. पौलाने तो निधी एकट्याने नेला नाही. तीताबरोबर मंडळ्यांनी निवडलेली माणसं पाठवली, आणि कारणही लिहिलं: एवढ्या मोठ्या रकमेच्या बाबतीत कुणाला बोट दाखवायला जागा राहू नये. प्रेषितालाही आपला हिशेब दुसऱ्यांच्या डोळ्यांसमोर ठेवावासा वाटला! तिथे आपल्या पंच कमिटीने संकोच का करावा? अर्पण मोजायला दरवेळी दोन माणसं असावीत आणि ती एकाच घरातली नसावीत. मोजलेली रक्कम त्याच वेळी वहीत लिहून दोघांनी सही करावी. पैसे पाळकाच्या किंवा खजिनदाराच्या वैयक्तिक खात्यात नकोत, ट्रस्टच्या खात्यात जावेत. मोबाइलवरून पैसे घ्यायचा क्यूआर कोड लावला असेल तर तो कुणाच्या खात्याचा आहे हे एकदा तपासून घ्या. 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली चर्चच्या ट्रस्टची नोंदणी आणि लेखापरीक्षण ही कायद्याची सक्ती आहे. धर्मादाय आयुक्तांकडे जायचे कागद वर्षानुवर्षं पडून राहिले की पुढे जागेचे वाद कोर्टात जातात, आणि मंडळीने दिलेला पैसा वकिलांच्या फीमध्ये जातो. खानदेशातल्या जुन्याजाणत्यांना अशी उदाहरणं शोधायला लांब जावं लागणार नाही.

एखाद्या संस्थेला मोठी देणगी देऊन प्राप्तिकरात सवलत घ्यायची असेल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. दोन हजारांपेक्षा जास्त रक्कम रोख दिली तर सवलत मिळत नाही, आणि निव्वळ धार्मिक कामाच्या ट्रस्टला दिलेल्या देणगीवर सर्वसाधारणपणे ती नसतेच. सवलत मिळो न मिळो, पावती मात्र घ्यावी. पावती मागणं म्हणजे अविश्वास, असं कुणी म्हणालं तर त्याला पौलाच्या त्याच पत्राचा आठवा अध्याय वाचायला द्या.

बरोबरीबद्दल पौल जे सांगतो त्याची एक बाजू आपल्याला जड जाते. आज तुमच्या भरपुरीतून त्यांची उणीव भागेल, उद्या त्यांच्या भरपुरीतून तुमची, असं तो म्हणतो. म्हणजे देणाऱ्याने घ्यायचीही तयारी ठेवायची. ज्याने आयुष्यभर चर्चला दिलं त्याची केळीबाग एका रात्रीत भुईसपाट झाली तर तो कुणाला सांगत नाही. रविवारी येणं बंद करतो, कारण ताटलीत टाकायला काही नसतं. अशा घरी मंडळीने आपण होऊन जावं, आणि त्या भावाने मदत घ्यावी. नवापूर तालुक्यातल्या आदिवासी मंडळ्यांमध्ये एखाद्याच्या घरी दुःख झालं की न बोलवता माणसं धान्य घेऊन येतात आणि घरचे ते घेतात. शहरातल्या मंडळ्यांनी त्यांच्याकडून हे शिकावं.

आता तुम्ही काय कराल? या आठवड्यात एका संध्याकाळी टीव्ही बंद करून घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसा. करिंथकरांस दुसऱ्या पत्राचे आठवा आणि नववा हे दोन अध्याय मोठ्याने वाचा. अर्धा तासही लागत नाही. कुणाचं देणं थकलं आहे ते आधी लिहा. मग यंदा किती द्यायचं, कधी द्यायचं आणि कुणाला द्यायचं, हे एका वहीच्या पानावर लिहून तारीख टाका. पान कुणाला दाखवू नका. आणि तुम्ही पंच कमिटीवर असाल तर पुढच्या रविवारी उपासनेआधी गेल्या महिन्याचा जमाखर्च चर्चच्या दाराजवळच्या फळ्यावर लावा. नव्या देणगीचं आवाहन त्यानंतर करा.